सूचीत आपलं गाव कोणत्या नावानं असतं?

(जालना इथं झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय ऐकून एका स्नेह्यांनी आम्हाला विचारलं, "अहो, कॅटलॉगवर कसलं व्याख्यान देता? एखाद्या कादंबरीवर बोला की." त्यांचं म्हणणं चूक नाही. आम्ही साहित्य शिकवणारी माणसं, समीक्षा करायची तर ती कवितेची आणि कादंबरीची करायची अशी आमची सवय. पण गेल्या काही वर्षांत विद्यार्थ्यांबरोबर संगणकासमोर बसून बसून आमचं एक मत झालं आहे. ग्रंथालयाची ऑनलाइन सूची हाही एक मजकूर आहे. तो कुणीतरी लिहिलेला असतो. त्याची एक भाषा असते, लेखकाचे समज-गैरसमज त्यात उतरलेले असतात. आणि ज्या मजकुराला लेखक आहे त्याची समीक्षा व्हायला हरकत नाही.

सुरुवात एका प्रसंगापासून करतो. आमच्याकडं एक विद्यार्थी आला. त्याला असईच्या लढाईवर निबंध लिहायचा होता. असई म्हणजे आपलीच, जालना जिल्ह्यातली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि भोसले यांच्या फौजांशी आर्थर वेलस्लीची लढाई झाली ती इथं. हाच वेलस्ली पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनसमोर उभा राहिला. म्हणजे विषय काही आडबाजूचा नाही. मुलानं एका मोठ्या ग्रंथालयाच्या सूचीत देवनागरीत 'असईची लढाई' असं टाईप केलं. उत्तर आलं, शून्य नोंदी. त्यानं पाच मिनिटांत संगणक बंद केला आणि आम्हाला म्हणाला, "सर, आपल्याकडच्या लढाईवर कुणी काही लिहिलेलंच नाही."

आम्हाला खटकलं ते हे वाक्य. शून्य नोंदी ही एका खोक्यात टाईप केलेल्या सात अक्षरांना यंत्रानं दिलेली प्रतिक्रिया होती. त्या मुलानं तिचा अर्थ लावला की जगात काही नाही. मराठवाड्यातल्या मुलांना असं वाटण्याची आधीच सवय आहे, की लिहिलं जातं ते पुण्या-मुंबईबद्दल, आपल्याबद्दल कोण लिहिणार? सूचीचं शून्य त्या समजावर शिक्का मारतं. म्हणून नीट शोधता येणं ही नुसती संगणकाची युक्ती नाही असं आम्ही मानतो.

लढाई तीच, नावं चार

मग त्याच मुलाबरोबर आम्ही पुन्हा बसलो. मराठीत या गावाचं नाव असई लिहितात, आसईही लिहितात. इंग्रजांनी ते आपल्या कानाला आलं तसं रोमनमध्ये लिहिलं, त्यात एस दोनदा येतो आणि शेवटी वाय-ई येतं. ते रोमन नाव टाकल्याबरोबर नोंदींची रांग लागली. वेलिंग्टनची छापील पत्रं निघाली, त्या मोहिमेचे लष्करी इतिहास निघाले. वेलिंग्टनची मूळ कागदपत्रं इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठात आहेत आणि त्यांचीही सूची ऑनलाइन पाहता येते.

आता गंमत बघा. ज्या नदीकाठी ही लढाई झाली तिला आपण केळणा म्हणतो. इंग्रजांच्या कागदात ती 'कैतना' आहे. केळणा टाकून शोधणाऱ्याला कैतना सापडत नाही, आणि कैतना वाचणाऱ्याला ती आपल्या भोकरदनवरून वाहणारी नदी आहे हे कळत नाही. दोन्ही नावं ठाऊक असलेला माणूस त्या सूचीत जाईल तेव्हाच ती नदी पुरी होईल. असा माणूस लंडनमध्ये सापडणं कठीण, जालन्यात सोपं. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आपण सूचीपुढं फार दबून बसतो. सूचीला माहीत नसलेल्या कितीतरी गोष्टी आपल्याला माहीत असतात.

खुद्द जालन्याचंच घ्या. जुन्या कागदांत जालनापूर आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी पुस्तकांत जे-ए-यू असं सुरू होणारं 'जौलना' आहे, कारण इथं हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती आणि छावणीतले साहेब तसं लिहीत.

आणि जिल्हा? आपला जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. त्याआधी जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हा भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता आणि परतूर परभणीत. म्हणजे १९८१ पूर्वीच्या पुस्तकासाठी 'जालना जिल्हा' असा शोध घेणं म्हणजे लग्नाआधीच्या कागदात सासरचं नाव शोधण्यासारखं आहे. औरंगाबाद जिल्ह्याचं गॅझेटियर १९७७ चं, परभणीचं १९६७ चं. आपला जिल्हा या दोन पुस्तकांत वाटला गेला आहे. त्याहून जुनं, निजामाच्या राज्यातलं औरंगाबादचं गॅझेटियर १८८४ चं आहे. आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो, त्यामुळं त्या काळासाठी 'महाराष्ट्र' हा शब्द टाकून उपयोग नाही. 'हैदराबाद' किंवा 'निजाम' टाकावा लागतो. त्या काळातले सरकारी कागद तर मोठ्या प्रमाणात उर्दूत आहेत, त्यांची सूची वेगळ्याच लिपीत.

हे आजही थांबलेलं नाही. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. आता नव्या नोंदी नव्या नावानं होतील, जुन्या जुन्याच नावानं राहतील. दहा वर्षांनी एखादी मुलगी फक्त नवं नाव टाकून शोधेल आणि तिला वाटेल की या शहराबद्दलचं लेखन २०२३ पासून सुरू झालं.

तेव्हा पहिली सवय ही. शोधायला बसण्याआधी एका कागदावर त्या गोष्टीची सगळी नावं लिहून काढायची. जुनं नाव, नवं नाव, इंग्रजांनी लिहिलेलं नाव, त्या काळातला जिल्हा, त्या काळातलं राज्य. या कामाला दहा मिनिटं लागतात आणि पुढचे दोन तास वाचतात.

ऱ्हस्व, दीर्घ आणि न दिसणारं अक्षर

आता लिपीकडं येऊ. माणूस 'विद्यापिठ' वाचून 'विद्यापीठ' समजून घेतो, वर मनात लेखकाच्या शुद्धलेखनाला हसतोही. यंत्राला तेवढी समज दिली असेल तरच असते. पुष्कळ सूच्यांत ती दिलेली नसते.

जुन्या पुस्तकांचं दुखणं आणखी वेगळं. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी मराठीतले न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. त्याआधी 'नाहीं', 'कांहीं', 'साधनें' असंच छापत. राजवाड्यांच्या ज्या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ चा, त्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावावर मुखपृष्ठाप्रमाणं अनुस्वार द्यायचे की नाहीत, हे नोंद करणाऱ्यानं ठरवलेलं असतं. त्यानं दिले असतील आणि तुम्ही दिले नाहीत, तर पुस्तक फडताळात असूनही तुमच्यापुढं येणार नाही. उपाय सोपा आहे, पूर्ण शीर्षक टाकूच नका. अनुस्वाराचा आणि वेलांटीचा घोळ नसलेला एखादा शब्द निवडा, त्याला लेखकाचं आडनाव जोडा. 'राजवाडे' आणि 'इतिहास' एवढं पुरतं. पुष्कळ सूच्यांत शब्दाच्या शेवटी तारांकित खूण दिली की पुढची अक्षरं काहीही चालतात. म्हणजे 'इतिहास' लिहून खूण दिली की 'इतिहासाचा', 'इतिहासाची', 'इतिहासातील' सगळं येतं. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटून येत असल्यामुळं ही खूण इंग्रजीपेक्षा आपल्याला जास्त उपयोगाची आहे.

एक अडचण तर डोळ्यांना दिसतही नाही. 'दऱ्या' या शब्दातला तो अर्धा र संगणकात दोन वेगवेगळ्या पद्धतींनी साठवता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. कीबोर्ड बदलला की उत्तर बदलतं. तसंच युनिकोडच्या आधीच्या फाँटात टाईप केलेल्या कितीतरी मराठी पीडीएफ आहेत. त्या वाचता येतात, पण त्यांतला शब्द शोधता येत नाही.

आणि तिसरी गोष्ट, परदेशातल्या सूच्या. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्ली कार्यालय १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं जमवतं आहे. त्यामुळं इथं दुर्मीळ झालेलं मराठी पुस्तक कधीकधी तिकडच्या सूचीत हमखास भेटतं. पण तिथं ते रोमन लिपीत बसलेलं असतं, आणि त्यांच्या नियमात व्यंजनातला 'अ' गाळत नाहीत. आपण 'रामदास' इंग्रजीत लिहिताना म नंतर ए देत नाही, शेवटीही देत नाही. ते दोन्ही ठिकाणी देतात, म्हणजे 'रामादासा' वाचावं असं काहीतरी दिसतं. 'दासबोध'मध्ये स ला ए जोडलेला असतो आणि शेवटच्या ध लाही. 'गडकरी'त ड नंतर ए येतो. जांबचा माणूस आपल्या गावच्या समर्थांना आपल्या सवयीच्या स्पेलिंगनं शोधतो आणि रिकाम्या हातानं परत येतो, हे त्या एका 'अ'मुळं. एकदा कळलं की पुन्हा अडत नाही. पण कळावं कुठून? सूचीच्या पानावर हे कुठं सांगितलेलं नसतं. इथं आमची तक्रार सूचीबद्दल आहे, वाचकाबद्दल नाही.

एक माणूस, तीन कप्पे

माणसांच्या नावांचं फार सांगत बसत नाही. कुसुमाग्रज हवे असतील तर शिरवाडकरही टाकून बघा, आरती प्रभू हवे असतील तर खानोलकर. परभणीचे बी. रघुनाथ म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी. ते 'बी' खाली असू शकतात, 'रघुनाथ' खाली आणि 'कुलकर्णी' खालीही.

जुन्या कार्डांच्या सूचीत याला एक सुंदर सोय होती. तुमच्यातल्या ज्येष्ठांना ती लाकडी खणांची कपाटं आठवत असतील. 'कुसुमाग्रज' चं कार्ड काढलं की त्यावर लिहिलेलं असायचं, 'पाहा : शिरवाडकर'. बस्स, एवढंच. पण त्या 'पाहा'मध्ये ग्रंथपालाची सारी सहानुभूती होती. तुम्ही चुकीच्या दारात आला आहात हे त्याला आधीच ठाऊक होतं आणि बरोबर दार दाखवायला तो कार्डरूपानं तिथं थांबला होता. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांतला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दलचा आहे. 'पाहा' हे कार्ड म्हणजे त्या नियमाचं आचरण. संगणकात हे करता येत नाही असं मुळीच नाही. चांगल्या सूच्यांत ते आहेच. पण घाईघाईनं कंत्राट देऊन कार्डांवरच्या नोंदी जिथं संगणकात भरल्या गेल्या, तिथं पुस्तकांची कार्डं आत गेली आणि 'पाहा'ची बाहेर राहिली. कारण त्यांच्यामागं पुस्तक नव्हतं, मोजणीत ती धरली गेली नाहीत.

डिंक्या कुठं शोधायचा?

साहित्य-इतिहास सोडून शेताकडं चला. आपल्या जिल्ह्याची ओळख मोसंबी. एका बागायतदाराच्या मुलाला मोसंबीवरच्या डिंक्याची माहिती हवी होती. कृषी विद्यापीठांतले प्रबंध 'कृषिकोश' या संग्रहात ऑनलाइन आहेत, परभणीच्या विद्यापीठाचेही आहेत. त्यानं 'मोसंबी डिंक्या' टाकलं. काही नाही. आता, प्रबंध बहुतेक इंग्रजीत. त्यात मोसंबी 'स्वीट ऑरेंज' असते किंवा 'सिट्रस सायनेन्सिस', डिंक्या असतो 'गमोसिस' आणि त्याला कारण असलेल्या बुरशीचं नाव 'फायटोफ्थोरा'. तूर तिथं 'पिजनपी' होते. बदनापूरच्या संशोधन केंद्राची तूर हवी तर गावाच्या नावापेक्षा 'बीडीएन' ही तीन अक्षरं कामाला येतात, कारण तिथल्या वाणांची नावं त्यांनी सुरू होतात.

म्हणजे ज्यांच्या बागेसाठी ते संशोधन झालं त्यांच्या शब्दांनी ते सापडत नाही. आम्हाला विचाराल तर ही शोधणाऱ्याची चूक नाही. प्रत्येक प्रबंधाच्या नोंदीत दोन मराठी शब्द जास्तीचे घालणं, 'मोसंबी, डिंक्या' एवढं, हे काम कुणालाही एका मिनिटात करता आलं असतं.

पण तोवर काय करायचं? एक युक्ती सांगतो, आजच्या सगळ्या बोलण्यातली ही सर्वांत उपयोगाची. कसंही करून एक बरी नोंद मिळवा. ती उघडा आणि शीर्षकावर न थांबता शेवटपर्यंत वाचा. खाली 'विषय' म्हणून काही शब्द असतात. तेच त्या सूचीचे स्वतःचे शब्द. तुम्ही तिच्या भाषेत बोलत नव्हता, आता ती तुम्हाला आपली भाषा शिकवते आहे. त्या शब्दावर क्लिक करा. त्याच विषयाच्या सगळ्या नोंदी, त्यांच्या शीर्षकात तुमचा शब्द असो-नसो, समोर येतात.

शोधणं आणि चाळणं

इथून आपण शोधण्याकडून चाळण्याकडं येतो. बाजारात आपण दोन तऱ्हांनी जातो. कधी एक वस्तू ठरवून जातो, घेतो, परत येतो. कधी नुसते फिरतो, आणि घरी येताना हातात ठरवलेलं नसतं तेच असतं. खोक्यात शब्द टाकणं ही पहिली तऱ्हा. ती चांगली, पण तिच्यात जे आपल्याला आधीच माहीत आहे तेच विचारता येतं. भोगवर्धन हे नाव माहीत नसेल तर भोगवर्धन कसं शोधणार?

उदाहरण भोकरदनचंच आहे. सांची आणि भारहूतच्या स्तूपांवरच्या लेखांत दान देणारी माणसं आपलं गाव भोगवर्धन असं सांगतात. तेच हे भोकरदन. तिथल्या उत्खननाचा देव आणि गुप्ते यांचा अहवाल १९७४ मध्ये इंग्रजीत निघाला, आणि त्याच्या शीर्षकात दोन्ही नावं आहेत. ज्यानं ते शीर्षक दिलं त्यानं एका कंसात 'पाहा'चं काम करून ठेवलं. त्या नोंदीवरून विषयशब्द धरून गेलात की सातवाहन, प्राचीन व्यापार, तेर, पैठण अशी शेजारची घरं उघडत जातात.

फळीवर जसं शेजारचं पुस्तक दिसतं तसं ऑनलाइन सूचीतही पाहता येतं, फक्त वर्गांक वापरावा लागतो. ड्यूईच्या पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६, त्यात कविता ८९१.४६१. महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९ च्या घरात. सूचीत 'वर्गांकानुसार पाहा' अशी सोय असेल तर हा आकडा द्या आणि पुढं-मागं सरकत राहा. पण इथंही डोळे उघडे हवेत. दासबोध कुणी कवितेत ठेवतो, कुणी २९४.५ म्हणजे हिंदू धर्मात. निजामाच्या राज्याविषयीचं पुस्तक ९५४.८४ या आंध्रच्या घरात गेलेलं असू शकतं. आपला इतिहास दोन फळ्यांवर आहे, कारण आपण दोन राज्यांत राहिलो.

दात्यांची आठवण

शेवटी एका सूचीकाराची आठवण काढतो. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची केली, पुढं १९५० पर्यंतचीही. संगणक नव्हता, मदतीला कुठली मोठी यंत्रणा नव्हती. ग्रंथालयं हिंडून, पुस्तक हातात घेऊन नोंद करायची असं ते काम होतं. ती सूची आजही अभ्यासकाच्या टेबलावर असते. तिच्यात काही सुटलंही असेल. पण ती वाचताना कळतं की या माणसाला पुढचा वाचक डोळ्यांसमोर दिसत होता.

आजच्या ऑनलाइन सूचीकडं वेग आहे, विस्तार आहे, घरबसल्या साउदॅम्प्टनपर्यंत पोहोचवण्याची ताकद आहे. तिला नावं ठेवून आम्हाला लाकडी खणांकडं परत जायचं नाही. आमचं म्हणणं एवढंच की तिच्या शून्यावर विश्वास ठेवू नका. शून्य आलं की नाव बदला, लिपी बदला, जिल्हा बदला, मग शब्दाची लांबी कमी करा. एवढं करूनही शून्यच आलं तर मग म्हणा, की बहुधा या सूचीत नाही. 'लिहिलेलंच नाही' असं मात्र तेव्हाही म्हणू नका.

तो असईवाला मुलगा पुढं निबंध लिहून आला. तळटीपांत केळणा आणि कैतना ही एकच नदी, असं त्यानं लिहिलं होतं. आम्ही त्याला त्याबद्दल दोन मार्क जास्त दिले.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : सर, गुगल असताना सूचीत कशाला जायचं?

उत्तर : गुगलपासून सुरुवात करायला काहीच हरकत नाही, नावांचे प्रकार गोळा करायला ते चांगलं आहे. पण पुष्कळ ग्रंथालयांच्या सूच्यांच्या आत गुगल शिरत नाही. शिवाय एखादं पुस्तक कोणत्या ग्रंथालयात, कोणत्या आवृत्तीचं, कोणत्या क्रमांकावर आहे, हे सूचीच सांगते. विद्यापीठांसाठी इंडकॅट, प्रबंधांसाठी शोधगंगा, जगभरासाठी वर्ल्डकॅट, या तीन ठिकाणी जायची सवय लावून घ्या.

प्रश्न : आमचं खेड्यातलं छोटं ग्रंथालय. आमची पुस्तकं कोणत्याच ऑनलाइन सूचीत नाहीत. आमच्याकडं फक्त दाखल नोंदवही आहे. आम्ही काय करावं?

उत्तर : ताई, आजचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात. आम्ही तासभर शोधणाऱ्यांशी बोललो. जे अजून कुठं नोंदलंच गेलेलं नाही ते शोधून कसं सापडणार? सगळी वही एकदम करायला जाऊ नका. आधी फक्त आपल्या जिल्ह्याबद्दलची आणि जिल्ह्यातल्या लेखकांची पुस्तकं, स्मरणिका, गावचे इतिहास वेगळे काढा. पन्नास निघोत की शंभर. संगणकावर साध्या तक्त्यात भरा, युनिकोडमध्ये. पुस्तकाचं नाव मुखपृष्ठावर आहे तसं, लेखक, साल, दाखल क्रमांक. आणि शेवटी एक रकाना जास्तीचा ठेवा. त्याला नाव द्या 'पाहा'. त्यात गावाचं जुनं नाव, लेखकाचं टोपणनाव, लोकांच्या तोंडी असलेला शब्द लिहा. पुढं सरकारी सॉफ्टवेअर येईल किंवा दुसरं काही येईल, तो तक्ता त्यात घालता येईल. तो रकाना मात्र तुमच्याशिवाय कुणाला भरता येणार नाही.